कांद्याच्या चाळीत उनोच्या जोडीला लिनक्स

मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एकच प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपवर, हात बसलेला हौशी माणूस लिनक्स या संगणक प्रणालीवर चालणाऱ्या छोट्या बोर्डाकडे वळतो, तेव्हा त्याच्या नजरेत आधी आकडे भरतात. मेगाहर्ट्झच्या जागी गिगाहर्ट्झ, किलोबाइटच्या जागी गिगाबाइट, शिवाय वायफाय अंगचेच. आकड्यांवरून पाहिले तर जुने काम उचलून नव्या बोर्डावर ठेवणे एवढेच बाकी उरते. निफाड तालुक्यातल्या मामांच्या कांद्याच्या चाळीसाठी मी हे स्थलांतर केले आणि त्यातला मोठा वाटा आकड्यांच्या बाहेरचा निघाला. वीज गेल्यावर काय होते, घड्याळ कोण सांभाळते, एखादे काम नेमक्या क्षणी होईलच याची हमी कोण देते, हे प्रश्न अर्डुइनो उनो या माझ्या जुन्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर कधी विचारावे लागले नव्हते.

मी नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विद्युत पॅनेलच्या चाचणी विभागात नोकरी करते आणि सिडकोतल्या घरी संध्याकाळी सोल्डरिंगचा छंद करते. मामांची गरज साधी होती. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की तो दसरा-दिवाळीपर्यंत टिकवायचा असतो. साठवणुकीला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली मानली जाते. हवा फार दमट झाली की सड आणि काळी बुरशी सुरू होते, फार कोरडी झाली की वजन घटते. पावसाळ्यात चाळीच्या बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे सोडतात आणि पाऊस उघडल्यावर ते वेळेवर वर घेतले नाहीत तर आत हवा कोंडते. मामा ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतली ऊब ओळखतात आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. पण, "हाताला कळतं गं, रात्री दोन वाजता हात घालायला कोण जाणार?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पहिले यंत्र उनोवर झाले. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश आणि चालू कामासाठी जेमतेम २ किलोबाइट रॅम. ढिगात सच्छिद्र पीव्हीसी पाइप उभे करून त्यांत डीएस१८बी२० जातीचे जलरोधक तापमान संवेदक सोडले, मधल्या बोळात आर्द्रतेसाठी डीएचटी२२ टांगला, आणि एका रिलेवर (चिपच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) हवा बाहेर फेकणारा पंखा जोडला. वीज आली की एक-दोन सेकंदांत काम सुरू, वीज गेली की बंद, आणि पुन्हा आली की जणू काही झालेच नाही असे पुढे चालू. एवढी निर्धास्त वस्तू दुसरी नाही, असे मी आजही म्हणेन.

अडचण आली ती मामांनी 'काल रात्री किती होतं?' असे विचारायला सुरुवात केल्यावर. इतिहास साठवायचा तर एसडी कार्ड हवे, आणि त्याची लायब्ररी, म्हणजे ते वापरण्याचा तयार कोड, ५१२ बाइटचा एक साठा रॅममध्ये अडवून बसते. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा ओएलईडी पडदा जोडला तर त्याचे चित्र रॅममध्ये ठेवायला १०२४ बाइट लागतात. २०४८ पैकी दीड हजाराहून अधिक तेथेच संपले, आणि उरलेल्या पाचशे बाइटमध्ये सगळे संवेदक, स्टॅक (प्रोग्रामची तात्पुरती जागा) आणि अक्षरमाला कोंबायची. शिवाय त्या पडद्यावर मराठी दाखवायचे तर प्रत्येक शब्दाचे चित्र ठिपक्याठिपक्यांनी आखून फ्लॅशमध्ये भरावे लागते, कारण जोडाक्षरे आणि वेलांट्या बसवणारी यंत्रणा एवढ्याशा चिपमध्ये मावत नाही. मामांना इंग्रजी आकडे कळतात, पण पुढे ही माहिती मामी आणि चाळीवरचा गडी यांनीही वाचायची होती.

येथे बरेच जण ईएसपी३२ हा मोठा मायक्रोकंट्रोलर घेऊन थांबतात आणि त्यात काहीही गैर नाही. दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० किलोबाइट रॅम आणि वायफाय एवढे सगळे त्या चिपमध्ये आहे, आणि आकडे कुठे तरी पाठवून द्यायचे एवढेच काम असेल तर लिनक्सची गरजच नाही. मला मात्र इतिहास मळ्यातच हवा होता, कारण इंटरनेट बंद असतानाही घरातल्या फोनवर आलेख दिसायला हवेत. म्हणजे डेटाबेस, मराठीतले वेब पान आणि त्या पानावर बसल्या जागी बदल करण्याची सोय. त्या यादीसमोर लिनक्सच योग्य ठरत होते. बीगलबोन ब्लॅक या लिनक्स बोर्डाचाही विचार केला. त्याच्यावर अॅनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारे व्होल्टेज वाचणाऱ्या पिना) आहेत, आणि मुख्य प्रोसेसरशेजारी २०० मेगाहर्ट्झवर चालणारे दोन स्वतंत्र छोटे प्रोसेसर आहेत, जे वेळेची कामे लिनक्सला न विचारता करतात. पण अडल्यावर शेजारीपाजारी विचारता येईल असा बोर्ड हवा होता, आणि माझ्या ओळखीतल्या हौशी मंडळींकडे रास्पबेरी पायच होते. म्हणून १ गिगाबाइट रॅमचा रास्पबेरी पाय ३ बी प्लस (पुढे नुसता 'पाय') घेतला.

उनोला यूएसबी लावून प्रोग्राम चढवला की दिवा लुकलुकतो. नव्या बोर्डावर दिवा लुकलुकण्याआधीच बराच प्रपंच असतो. लॅपटॉपवरून मायक्रोएसडी कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लिहायचे, त्याच वेळी वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, वायफायचा तपशील आणि दूरून आत शिरण्याची सोय भरून ठेवायची. एप्रिल २०२२ पासून सर्वांना ठाऊक असलेले ठरावीक नाव आणि पासवर्ड काढून टाकलेले आहेत, ते योग्यच झाले. जुन्या पुस्तकांवरून शिकणारा मात्र पहिल्याच पायरीवर अडतो. त्यानंतर बोर्डाला ना पडदा ना कळफलक, सगळे काम लॅपटॉपच्या काळ्या खिडकीतून, आज्ञा टाइप करत. कारखान्यात पीएलसीची (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाची) सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ही खिडकी परकी वाटते, पण थोड्याच काळात ती सवयीची होते आणि मग प्रत्येक बदलासाठी निफाडपर्यंत जावे लागत नाही.

पिनांच्या बाबतीत तीन गोष्टी मी जोडणीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि उनोचे ५ व्होल्ट त्या सहन करत नाहीत. त्यांना अॅनालॉग इनपुट मुळीच नाही, त्यामुळे उनोवर एका ओळीत होणारे वाचन करायला एमसीपी३००८ सारखी वेगळी चिप लावावी लागते. आणि पिनांचे क्रमांक दोन प्रकारे मोजले जातात, एक जागेवरून आणि एक चिपमधल्या नावावरून. चार क्रमांकाची जीपीआयओ (सर्वसाधारण वापराची) पिन पिनांच्या पट्टीवर सातव्या जागी असते. यात अवघड काही नाही, पण जोडणी करताना वही उघडी ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. उनोवर तुमचा प्रोग्राम घरमालक असतो, लिनक्सवर तो मोठ्या वाड्यातला एक भाडेकरू होतो. वाड्यात वायफाय राहते, फाइल सांभाळणारे राहतात, नोंदी लिहिणारे राहतात, आणि प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यायचा हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो. याचा पहिला फटका डीएचटी२२ ला बसतो. हा संवेदक एका तारेवरून ४० बिट पाठवतो. प्रत्येक बिटाआधी सुमारे ५० मायक्रोसेकंद तार खाली (शून्य व्होल्टकडे) जाते, मग वर येते. २६ ते २८ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य, ७० मायक्रोसेकंद राहिली तर एक. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मायक्रोसेकंदांच्या फरकावर सगळा अर्थ टिकून आहे. उनो दुसरे काहीच करत नसल्यामुळे हा फरक आरामात मोजतो. लिनक्सवर पायथन भाषेतला प्रोग्राम मोजत असताना कर्नलने त्याला क्षणभर बाजूला बसवले, तर एक बिट काय, पूर्ण संदेशच हातचा जातो. १ गिगाहर्ट्झहून वेगवान प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झच्या चिपला जमते ते करू शकत नाही, हे पहिल्यांदा पाहताना चमत्कारिक वाटते. पण वेग आणि वक्तशीरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावर उपाय आहेत. डीएचटीसाठी कर्नलमध्येच ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा भाग) आहे, आणि वक्तशीरपणा वाढवणारी प्रीएम्प्ट आरटी ही सोय अनेक वर्षे वेगळी राहून २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आली. तरीही एका आर्द्रता संवेदकासाठी एवढा खटाटोप मला पटला नाही.

याउलट डीएस१८बी२० ने लिनक्सची दुसरी बाजू दाखवली. हा संवेदकही एकाच तारेवर बोलतो, पण त्याची वेळ सांभाळणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये तयार आहे. डेटा तार चार क्रमांकाच्या जीपीआयओला, तिच्यावरून ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा रोधक, आणि बोर्डाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक ओळ. बोर्ड पुन्हा सुरू केला की प्रत्येक संवेदकाच्या नावाचे एक फोल्डर आपोआप उभे राहते. नाव २८ ने सुरू होते आणि पुढे त्या संवेदकाचा कारखान्यातच कोरलेला क्रमांक असतो. फोल्डरमधली फाइल उघडली की दोन ओळी दिसतात. पहिलीच्या शेवटी तपासणी जुळली का याचे हो किंवा नाही, दुसरीच्या शेवटी २७४३७ असा आकडा. त्याला हजाराने भागले की झाले २७.४३७ अंश. ना लायब्ररी, ना वेळेचे गणित. फाइल वाचता येणाऱ्या कोणत्याही भाषेत तापमान हाती येते. फाइल वाचायला पाऊण सेकंद लागतो तो संवेदकाला पूर्ण बारकाईने मोजण्यास तेवढा वेळ हवा असतो म्हणून. एक पथ्य पाळावे: तपासणी जुळलेली असूनही आकडा नेमका ८५००० आला तर तो फेकून द्यावा, कारण वीज मिळताच संवेदकात ८५ अंश हीच सुरुवातीची किंमत असते आणि मोजणी पूर्ण झाली नाही तर तीच बाहेर येते. कांद्याचा ढीग ८५ अंशांवर गेला असा संदेश मामांना मध्यरात्री जाणे बरे नव्हे.

एवढे झाल्यावर सगळेच पायवर आणता येईल का, हा विचार मी सोडून दिला, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत होते. अंबडला आमच्याकडे तयार होणाऱ्या पॅनेलमध्ये यंत्र चालवतो तो पीएलसी. संगणक त्याच्याकडून आकडे घेतो, आलेख काढतो, नोंदी ठेवतो, पण मोटर कधी बंद करायची हे संगणकाच्या भरवशावर कोणी सोडत नाही. हीच रचना मी चाळीत आणली. चाळीच्या दोन टोकांना एकेक उनो ठेवला. संवेदक, रिले आणि सडीच्या वासाचा अंदाज देणारा अॅनालॉग वायू संवेदक त्यांच्याकडेच. तो वायू संवेदक नेमका आकडा सांगत नाही, कालच्यापेक्षा आज वास वाढला एवढेच सांगतो, पण चाळीला तेवढे पुरते. पाय मळ्यातल्या घरात, राउटरशेजारच्या कोनाड्यात. मधले अंतर आरएस-४८५ या लांब पल्ल्याच्या तारजोडणीने जोडले. पिळाच्या दोन तारा, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक, प्रत्येक उनोवर मॅक्स ४८५ चिप, पायच्या बाजूला यूएसबीचा तयार अडॅप्टर, आणि भाषा मॉडबस आरटीयू, जी मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी आणली आणि जी आमच्या विभागात रोज बोलली जाते. आय-स्क्वेअर-सी ही जवळच्या चिपांमधली जोडणी एवढ्या अंतरावर टिकली नसती, कारण लांब तारेच्या धारकतेने तिचे सिग्नल लोळतात. तारा जीआय पाइपातून नेल्या. कांद्याच्या चाळीत उंदीर असतातच, आणि पीव्हीसीचे आवरण त्यांना फार आवडते.

या जोडणीतल्या दोन बारीक गोष्टी नवशिक्याचा वेळ वाचवतील. उनोला हार्डवेअर सिरियल जोडणी एकच असते आणि ती यूएसबीशी वाटून घेतलेली असते, त्यामुळे मॅक्स ४८५ तिच्यावर जोडला असेल तर नवा प्रोग्राम चढवताना त्याची तार सोडवावी लागते. दुसरी गोष्ट लिनक्सकडची. यूएसबी अडॅप्टरला मिळणारे नाव तो कितव्या क्रमाने सापडला यावर ठरते, आणि पुढे दुसरा अडॅप्टर लावला की बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर नावे अदलाबदल होऊ शकतात. सीएच३४० चिपच्या स्वस्त अडॅप्टरांना स्वतःचा वेगळा क्रमांकही नसतो. म्हणून कोणत्या यूएसबी खोबणीत तो बसला आहे त्यावरून कायमचे नाव द्यावे आणि त्या खोबणीवर मार्करने खूण करावी.

वीज हा विषय थोडा पसरून सांगावा लागेल. रास्पबेरी पाय ३ बी प्लसला ५ व्होल्टवर अडीच अँपिअर देणारा पुरवठा सुचवलेला आहे. घरातला फोनचा चार्जर आणि बारीक केबल लावली की बोर्ड चालतो, पण ओझे वाढले की केबलमध्येच व्होल्टेज पडते. बोर्डापाशी ते सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली आले की कर्नलच्या नोंदींत कमी दाबाची सूचना उमटते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग आवरता घेतो. वरवर पाहता बोर्ड ठीकच असतो, फक्त मधूनच यूएसबी अडॅप्टर गायब होतो किंवा कार्डावर लिहिताना चूक होते. असे लक्षण दिसले की प्रोग्राम तपासण्याआधी केबल बदलून पाहावी.

खेड्यातली वीज जाते-येते, आणि लिनक्स बोर्डाला अचानक वीज जाणे मानवत नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. फाइल व्यवस्थेत नोंदवही असते, त्यामुळे अर्धवट राहिलेले लेखन ती सावरू शकते. पण मायक्रोएसडी कार्ड आतल्या आत मोठमोठे ठोकळे पुसून दुसरीकडे हलवत असते, आणि नेमक्या त्या वेळी वीज गेली तर ज्याला हातही लावला नव्हता असा मजकूरही बिघडू शकतो. एका पावसाळी रात्री वीज बराच वेळ ये-जा करत राहिली आणि सकाळी मळ्यातला बोर्ड सुरूच झाला नाही. त्यानंतर दोन तजविजी केल्या. बोर्डाच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशन मेनूत असलेली ओव्हरले फाइल व्यवस्था चालू केली, म्हणजे कार्ड फक्त वाचले जाते आणि सगळे तात्पुरते लेखन रॅममध्ये होते. मोजमापांचा एसक्यूलाइट डेटाबेस वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवला. तो बिघडला तरी बोर्ड उठतो आणि मोजमापे चालू राहतात.

दुसरी तजवीज बॅटरीची. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची एक बॅटरी मळ्यात जादा पडून होती. हिशोबाने ९६ वॅट-तास, पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक खाली नेऊ नये म्हणून ४८ धरले. बोर्ड निवांत असताना अडीच वॅटच्या आसपास खातो, १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधली घट धरून ३ वॅट मानले, तर सोळा तास निघतात. मळ्यातल्या बहुतेक वीजखंडांना तेवढे पुरते. तुलनेसाठी सांगते, उनोमधली चिप एकटी झोपवून ठेवली तर काही मायक्रोअँपिअरवर राहू शकते, आणि पेन्सिल सेलवर महिनोन् महिने चालणारी यंत्रे त्यामुळेच जमतात. उनोच्या बोर्डावरचे रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप हे झोपत नाहीत, ही गोष्ट वेगळी. बॅटरीवरच जगायचे असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊच नये.

घड्याळाकडे आधी कोणाचे लक्ष जात नाही. उनोला आज कोणता दिवस हे ठाऊकच नसते, आणि त्याचे काही अडतही नाही. रास्पबेरी पाय ३ मध्येही बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. इंटरनेट असेल तर तो वेळ विचारून घेतो, नसेल तर शेवटची साठवलेली वेळ पुढे चालवतो. परिणामी लांबलेल्या वीजखंडानंतर इंटरनेटविना उठलेला बोर्ड पहाटेची मोजमापे आदल्या संध्याकाळच्या नावावर बिनदिक्कत लिहीत राहतो, आणि आलेखात काळ मागे जाऊन पुन्हा पुढे येतो. त्यावर डीएस३२३१ हे छोटे घड्याळ लावले. ० ते ४० अंशांमध्ये त्याची चूक दशलक्षात दोन भाग, म्हणजे वर्षाला मिनिटभर. नाण्यासारखा एक सेल आणि चार तारा एवढाच व्याप. नव्या रास्पबेरी पाय ५ वर घड्याळ आले आहे, त्याला बॅटरी मात्र वेगळी जोडावी लागते.

प्रोग्राम कायम चालू ठेवणे हेही येथे वेगळे काम असते. सिस्टमडी या प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेसाठी एक छोटी फाइल लिहावी लागते: कोणता प्रोग्राम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कशानंतर सुरू करायचा आणि कोसळला तर किती सेकंदांनी पुन्हा उभा करायचा. प्रोग्राम सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवू नये. वेगळा वापरकर्ता करून त्याला सिरियल पोर्टच्या गटात, म्हणजे डायलआउटमध्ये घालावे, नाहीतर हाताने चालवलेला प्रोग्राम चालतो आणि आपोआप सुरू झालेला परवानगीअभावी पडतो. तो का पडला हे जर्नल या नोंदवहीत वेळेसह लिहिलेले सापडते, हे सुख उनोवर कधीच नव्हते. बोर्डातच असलेला वॉचडॉगही सिस्टमडीला जोडून दिला. यंत्रणा पूर्ण गोठली तर तो बोर्ड स्वतःहून पुन्हा सुरू करतो.

बाहेरच्या जगाशी जोडणी थोडक्यात सांगते. मळ्यातले इंटरनेट मोबाइल डाँगलवर आहे, आणि अशा जोडणीला बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता सहसा मिळत नाही. म्हणून बोर्डच एमक्यूटीटीने आकडे बाहेर पाठवतो. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवरची माहिती उपग्रहावरून थोडक्या डेटात पाठवण्यासाठी अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी बांधला होता. जाणाऱ्या-येणाऱ्या जोडणीला तो उत्तम मानवतो. घरातल्या घरात पान उघडले की आलेख दिसतात, सगळे मराठीत, कोणत्याही ठिपकेगिरीविना.

त्या आलेखांचा खरा उपयोग पंख्याच्या नियमात झाला. आधीचा नियम सरळ होता: आतली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा जास्त झाली की पंखा लावायचा. साठवलेल्या रात्री एकाखाली एक पाहिल्यावर ध्यानात आले की सापेक्ष आर्द्रतेची ही तुलना दिशाभूल करते. बाहेर २२ अंश आणि ९० टक्के असेल, आत २९ अंश आणि ७० टक्के, तर जुन्या नियमाने पंखा बंदच राहणार. पण २२ अंशांना हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे १९.४ ग्रॅम बाष्प मावते आणि २९ अंशांना २८.७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाहेरच्या हवेत साडेसतरा ग्रॅम पाणी, आतल्या हवेत वीस ग्रॅम. नव्वद टक्क्यांची ती हवाच कोरडी आहे आणि पंखा लावायलाच हवा. हे गणित उनोलाही करता येते, त्याला लिनक्स लागत नाही. पण हा नियम बदलायला हवा हे दिसण्यासाठी महिनाभराच्या रात्री समोर मांडाव्या लागतात, आणि ते काम लिनक्सचे. मामांना हे गणित सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पहाटेचं वारं आत घ्यायचं. आमचे म्हातारे तेच करायचे."

हा अनुभव घेतल्यावर कोणी मला एकातून दुसऱ्यात कधी जावे असे विचारले तर मी आधी यादी मागते. इतिहास, जाळे, पडदा, कॅमेरा, आपली भाषा यांपैकी काही हवे असेल तर लिनक्स घ्यावे. मायक्रोसेकंद, बॅटरी किंवा रिले असेल तर मायक्रोकंट्रोलर ठेवावा. दोन्ही असेल तर दोन्ही ठेवावेत आणि मध्ये एक तार टाकावी. ज्यांनी लिनक्सचा स्वस्त बोर्ड घरोघर पोचवला त्या रास्पबेरी पायवाल्यांनीच जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरचा पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड काढला, हे या बाबतीत पुरेसे बोलके आहे.

चाळीत आता पंख्याचा निर्णय असा होतो. पाय दर मिनिटाला दोन्ही उनोंना वाचतो आणि पंखा हवा की नको ते सांगतो. पाच मिनिटे त्याच्याकडून काहीच आले नाही तर उनो त्याला वगळून स्वतःच्या साध्या नियमावर येतो, आणि पाय परत बोलू लागला की पुन्हा त्याचे ऐकतो. यंदा कांदा भरण्याआधी आम्ही याची चाचणी घेतली. मी पायची केबल उपसली आणि मामा चाळीत पंख्याखाली उभे राहिले. ठरलेला वेळ उलटल्यावर रिलेचा टक् आवाज फोनवरून मलाही ऐकू आला. सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर हंगामात या बोर्डावर दुसरे कोणतेही अपडेट घालायचे नाही असे ठरले आहे; बाकीची अपडेटे, नवे कार्ड आणि पेनड्राइव्हची अदलाबदल ही कामे चाळ रिकामी झाल्यावर, दिवाळीनंतर.